मुके खेळणे आणि नवखे हात

एखादे यंत्र चालेनासे झाले की आपण म्हणतो, "यात काहीतरी बिघाड शिरला आहे." घरातला मुलगा वाकड्या वाटेला लागला की म्हणतो, "याच्या अंगात काय शिरले कोण जाणे!" या दोन्ही वाक्यांत एकच समजूत दडलेली आहे. वाईट ही जणू बाहेरून आत येऊन बसलेली एक वस्तू आहे आणि ती शोधून उपटून फेकली की सारे सुरळीत होईल, अशी ती समजूत होय. ही समजूत कितपत खरी आहे? प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटेल. परंतु घरातले बिघडलेले यंत्र आणि घरातला चुकलेला माणूस यांच्याशी आपण कसे वागतो, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

गेल्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामात घडलेल्या एका लहानशा घटनेने या प्रश्नाचा पुन्हा विचार करणे आम्हांला भाग पाडले. ती घटना आम्हांला पापनिवेदनात कळलेली नाही. ती आमच्या निवासाच्या ओसरीवर उघडपणे सांगितली गेली आणि संबंधितांच्या अनुमतीनेच आम्ही ती येथे मांडीत आहोत.

वसईच्या पट्ट्यातील कित्येक घरांतून तरुण जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेले, हे वाचकांना सांगावयास नको. आमच्या धर्मग्रामातील एका आजींचे बंधूही असेच बोटीवर होते. १९८० नंतरच्या काळात एकदा सुटीवर येताना त्यांनी भाच्यांसाठी एक खेळणे आणले. तांबड्या रंगाचे, वरच्या बाजूस हातात धरण्याची मूठ असलेले आणि चक्क बोलणारे! 'स्पीक अँड स्पेल' हे त्याचे नाव. मराठी माध्यमात शिकणारी आजींची दोन्ही मुले इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग त्या खेळण्याकडूनच शिकली, असे आजी अभिमानाने सांगतात.

या खेळण्याचा इतिहासही उद्बोधक आहे. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या चार तंत्रज्ञांनी १९७६ साली त्यावर काम सुरू केले आणि १९७८ साली ते लोकांपुढे आले. त्यापूर्वीच्या बोलक्या बाहुल्यांच्या पोटात लहानशी तबकडी किंवा फीत असे. दोरी ओढली की ती फिरे आणि ठरलेली वाक्ये ऐकू येत. या खेळण्यात आवाजासाठी फिरणारे असे काहीच नव्हते. माणूस बोलतो तेव्हा घशातून ध्वनी निघतो आणि तोंडाच्या पोकळीतून जाताना त्याला आकार मिळतो. या क्रियेचे गणित मांडून त्यातले मोजके आकडे तेवढे स्मृतीत साठवावयाचे आणि त्या आकड्यांवरून एका चिमुकल्या चिपने आवाज पुन्हा घडवावयाचा, अशी ही योजना होती. एवढेसे खेळणे, परंतु अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने २००९ साली तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून त्याची नोंद केली.

मुले मोठी झाली, परदेशी गेली आणि खेळणे कपाटाच्या माथ्यावर गेले. आता नातू नाताळला घरी येणार म्हणून आजींनी ते खाली उतरविले, तर ते मुके झालेले! कळ दाबावी तर ना आवाज, ना हिरवी अक्षरे. शेजारच्या घरातील नववीत शिकणारा मुलगा पुढे सरसावला. "आजी, मी बघतो," म्हणाला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने एकदा सेलवर दिवा लावून दाखविला होता, एवढीच त्याची पुंजी. आजींनी विश्वासाने खेळणे त्याच्या हाती दिले.

प्रथम त्याने सेलची खोबण उघडली. मधल्या आकाराचे चार सेल आत तसेच पडून होते. ते कधी घातले होते, हे कोणालाच आठवेना. त्यांच्या टोकांवर पांढरा, कुठे हिरवट झाक असलेला बुरा साचला होता आणि पत्र्याच्या पट्ट्या व स्प्रिंगा गंजल्या होत्या. मुलाला वाटले, सापडला शत्रू! बिघाड 'शिरलेला' होता तो हाच.

येथे क्षणभर थांबू या. हा बुरा म्हणजे तरी काय? अल्कलाइन जातीच्या सेलमध्ये जस्ताची भुकटी आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाच्या तीव्र क्षाराचे द्रावण असते. त्या द्रावणाशिवाय सेल वीज देऊच शकत नाही. सेल वापरून संपला आणि तसाच पडून राहिला की आत वायू साठतो, बूच सैल होते आणि ते द्रावण हळूहळू बाहेर पाझरते. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन तो पांढरा थर बनतो आणि वाटेतल्या धातूला ते खाऊन टाकते. म्हणजे जे द्रव्य आपल्या जागी असताना खेळण्याला वाचा देत होते, तेच जागा सोडताच त्याची वाचा हिरावून घेते. द्रव्य तेच आहे; फक्त त्याचे स्थान सुटलेले आहे.

सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गात संत ऑगस्टीन यांचा विचार शिकताना जे आम्हांला नीटसे उमगले नव्हते, ते त्या बुऱ्याने उलगडून दाखविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. चौथ्या शतकात जन्मलेले हे संत तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मणिपंथीयांच्या नादी लागले होते. जगात चांगले आणि वाईट अशी दोन स्वतंत्र तत्त्वे असून त्यांची सतत लढाई चालू असते, अशी त्या पंथाची शिकवण होती. पुढे ऑगस्टीन यांनी ती नाकारली. परमेश्वराने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू मुळात चांगली आहे. वाईट ही निराळी वस्तू नव्हे. चांगल्यात असावयास हवे होते ते नसणे, म्हणजेच चांगल्याचा अभाव, हेच वाईटाचे खरे स्वरूप होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. आंधळेपणा ही डोळ्यात शिरलेली वस्तू नव्हे, ती दृष्टीची उणीव आहे. आणि पाप म्हणजेही एखाद्या वाईट वस्तूची निवड नव्हे, तर खालच्या पायरीवरच्या चांगल्या गोष्टीला वरची पायरी देऊन केलेली क्रमाची मोडतोड आहे. पैसा, मान, शरीरसुख यांपैकी कोणतीही गोष्ट मुळात वाईट नाही. सेलमधील क्षाराप्रमाणे ती आपल्या जागेवरून पाझरू लागली म्हणजे घर खाते.

कोणी म्हणेल, "फादर, हे सारे शब्दांचे खेळ झाले. वाईट काही कमी खरे नाही. त्या गंजाने पट्टी खाल्लीच ना?" आक्षेप रास्त आहे. अभाव म्हणजे किरकोळ गोष्ट, असे ऑगस्टीन यांचे म्हणणे मुळीच नाही. भाकरीचा अभाव म्हणजे भूक, आणि भुकेने माणसे मरतात. प्रश्न वाईट खरे आहे की नाही हा नसून दुरुस्तीला हात घालणाऱ्याने काय शोधावयाचे हा आहे. ज्याला वाईट ही वस्तू वाटते, तो उपटून फेकण्याच्या घाईत असतो. ज्याला वाईट हा अभाव आहे हे उमगले, तो प्रथम शोधतो की यात अजून शाबूत काय आहे आणि नेमके कुठे तुटले आहे.

आमच्या या विद्यार्थ्याने प्रारंभ तर बरा केला. मोठ्या भावाच्या सांगण्यावरून हातांत रबरी मोजे घातले, कारण तो क्षार कातडीला भाजतो आणि डोळ्यांना तर फारच घातक असतो. घरातील व्हिनेगरमध्ये कापसाचा बोळा भिजवून पट्ट्या पुसल्या. क्षारावर आम्लाची मात्रा लागू पडली. मग बारीक पॉलिश पेपरने त्या घासल्या. नवीन सेल घातले. परंतु एका पट्टीपुढे वीज सरकेना. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे दीड व्होल्ट मिळून सहा होतात. एक जोड तुटला की चारही सेल व्यर्थ! चिप शाबूत होती, साठविलेले शब्द शाबूत होते, काचेतला अक्षरांचा दिवा शाबूत होता. बोटभर पट्टीचा एक सांधा गेला आणि ते सारे असून नसल्यासारखे झाले.

मध्ययुगीन तत्त्ववेत्त्यांचे एक सूत्र संत थॉमस अक्वायनस यांनी वारंवार वापरले आहे. त्याचा आशय असा, की एखादे कृत्य चांगले ठरण्यासाठी त्याची सर्व अंगे चांगली असावी लागतात. बिघडण्यास मात्र एका अंगाचे वैगुण्य पुरते. हे सूत्र ऐकून माणूस निराश होण्याचा संभव आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जे एका उणिवेने मुके झाले आहे, त्यात बाकीचे बरेच काही चांगले शिल्लक असू शकते.

आता गोष्टीचा अवघड भाग येतो. गंजलेली पट्टी बदलण्यासाठी मागचे झाकण पूर्ण काढणे आवश्यक होते. झाकण निघेना. मुलाने स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून जोर लावला. आत कुठेतरी 'टक्' असा बारीक आवाज झाला. तो त्याने ऐकला. क्षणभर हात थांबला; मग त्याने काम पुढे चालू ठेवले. दुसऱ्या जुन्या खेळण्यातली पट्टी कापून बसविली, सेल घातले आणि हिरवी अक्षरे झळकली! कळ दाबली की अक्षर उमटे. परंतु आवाज मात्र येईना.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. खूप वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "फादर, आजींना मी सांगितले की खेळणे फार जुने झाले, आवाजाची चिप गेली असेल, तर ते खोटे होईल का? खेळणे जुने आहे हे तर खरेच आहे ना?"

प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर त्याला "हो रे बाळा, जुनी वस्तू ती, किती दिवस चालणार!" असे म्हणून निरोप देण्याचा मोह आम्हांलाही झाला. मुलाने मनापासून श्रम केले होते, आजी रागावल्या असत्या तर त्याचा हिरमोड झाला असता आणि आम्हांला रोझरीसाठी निघावयाचे होते. घाईच्या वेळी अर्धसत्य किती सोयीचे वाटते! परंतु त्याचा चेहरा पाहून आम्ही एवढेच विचारले, "चिप गेली हे तुला माहीत आहे, की तसे असावे अशी तुझी इच्छा आहे?"

तो गप्प झाला. मग त्या 'टक्' आवाजाची हकीकत बाहेर आली.

वाचकहो, या मुलाचा नेमका दोष कोणता? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. नवखा असून त्याने दुरुस्तीला हात घातला, हा दोष म्हणता येणार नाही. पहिल्यांदा कोणीतरी नवखा हात लावल्याशिवाय कुशल हात तयार होत नाहीत. मातीचे भांडे कुंभाराच्या हातातच बिघडल्याचे आणि त्याच मातीतून त्याने दुसरे घडविल्याचे यिर्मयाच्या ग्रंथात आपण वाचतोच. जोर लावला, ही उतावळेपणाची चूक होती. अक्वायनस यांनी उतावळेपणाला शहाणपणाविरुद्धचा दोष मानले आहे. उंचीवरून खाली येताना पायऱ्या उतराव्या लागतात. मागचा अनुभव आठवणे, समोरचे नीट समजून घेणे, पुढचा अंदाज बांधणे, तर्काने तोलून पाहणे आणि जाणत्यांकडून शिकून घेणे या त्या पायऱ्या. त्या टाळून जो थेट उडी घेतो, त्याला ते उतावळा म्हणतात. या पायऱ्यांमध्ये शिकून घेण्याच्या वृत्तीची गणना त्यांनी आवर्जून केली आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. नवख्याला कौशल्य नसते, परंतु विचारावयाला तोंड असते. झाकण निघत नाही तेव्हा कुठे विचारावे, हे ज्याला कळले तो अर्धा कारागीर झालाच.

पण उतावळेपणा हा वयाचा दोष आहे आणि वयाबरोबर तो बहुधा ओसरतो. खरी गंभीर गोष्ट त्यानंतरची होती. आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे आणि मग आपल्या हातून झालेली मोडतोड यंत्राच्या वयाच्या नावावर खपविणे. येथे मुलाने काही नवीन वाईट आणून ठेवले नव्हते. एक गोष्ट असावयास हवी होती, ती नव्हती, एवढेच: एक वाक्य, "आजी, माझ्या हातून तुटले." त्या एका वाक्याच्या अभावाने त्याचे सारे श्रम, त्याची सद्भावना, त्याने स्वच्छ केलेल्या पट्ट्या, हे सगळे निरुपयोगी होऊ पाहत होते. खेळणे आणि मुलगा, दोघेही एकाच कारणाने मुके झाले होते. एक सांधा तुटला होता.

अशा वेळी केवळ "चूक झाली" असे मनातल्या मनात म्हणून भागत नाही. दुसऱ्याच्या वस्तूचे नुकसान झाले तर ते शक्य तितके भरून देणे हे न्यायाचे काम आहे, अशी ख्रिस्तसभेची पूर्वापार शिकवण आहे. सातव्या आज्ञेचा विचार भरपाईशिवाय पुरा होत नाही. परंतु भरपाईची पहिली रक्कम पैशाची नसते. ती सत्याची असते. ज्याचे नुकसान झाले त्याला काय झाले हे कळण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार परत केल्यावाचून पुढचे काहीही परत करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आजींकडे गेला. आम्ही सोबत गेलो नाही. जाण्याची गरज नव्हती. पुढे आजींनीच आम्हांला सांगितले. मुलाने सर्व सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, सेल काढून ठेवायचे मीच विसरले होते. पहिला बिघाड तर माझाच." एकाने आपला वाटा उचलला की दुसऱ्यालाही आपला वाटा उचलण्याचे बळ येते, हे आम्ही कुटुंबांचे तंटे सोडविताना पुष्कळदा पाहिले आहे; आणि एकाने हात झटकले की दुसराही झटकतो, हेही तितक्याच वेळा पाहिले आहे.

मग दोघे मिळून स्टेशनजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. कारागिराने झाकण हळूच उघडले, दिव्याखाली धरले आणि स्पीकरची केसाएवढी बारीक तार तुटलेली दाखविली. मुलालाच जवळ बसवून डाग कसा द्यावा ते शिकविले. वितळलेल्या कथलाचा एक थेंब! पैसे मुलाने आपल्या खाऊच्या पैशांतून दिले. आजींनी नको म्हटले नाही, हे त्यांचे शहाणपण. क्षमा करणे म्हणजे दुसऱ्याला त्याची भरपाई करण्याच्या समाधानापासून वंचित ठेवणे नव्हे.

खेळणे बोलू लागले. एक अक्षर मात्र अजूनही दबत नाही, ते 'क्यू'. सुदैवाने ते फारसे लागत नाही. सर्व दुरुस्त्या पूर्ण होतातच असे नाही, आणि पूर्ण झाली नाही म्हणून दुरुस्ती व्यर्थ ठरत नाही.

"एवढा खटाटोप कशासाठी? नवे खेळणे घ्यायचे!" असे म्हणणारेही धर्मग्रामात होतेच. आज हातातल्या फोनवर शेकडो बोलकी खेळणी आहेत, हे खरे. परंतु पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला, तो केवळ कचऱ्यापुरता नव्हता. एखादी वस्तू चटकन टाकून न देता योग्य हेतूने पुन्हा वापरणे हे प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असे त्यांनी तेथे सुचविले आहे. वस्तू टाकण्याची सवय लागलेला हात हळूहळू माणसांपर्यंत पोहोचतो. दारू पिणारा जावई, घर सोडून गेलेली मुलगी, चर्चला येईनासा झालेला शेजारी, यांच्याविषयी "तो कामातून गेला" असे आपण किती सहज म्हणतो! कोणता सांधा तुटला आहे आणि किती शाबूत आहे, हे पाहण्यासाठी झाकण उघडण्याचा धीर आपल्याला नसतो. किंवा धीर असतो तेव्हा आपण फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावतो आणि उरलेली तारही तोडतो. मुक्या-बहिऱ्या माणसाला बरे करताना प्रभू येशूने त्याला गर्दीपासून बाजूला नेले, स्वतःच्या हाताने स्पर्श केला, हे संत मार्कने नमूद करून ठेवले आहे. चारचौघांत कान उघाडणी करून कोणाची वाचा परत येत नाही.

त्या खेळण्याची एक रीत सांगून आम्ही हा लेख पुरा करतो. शब्दाचे स्पेलिंग चुकले की ते म्हणते, चूक आहे, पुन्हा प्रयत्न कर. आणि तोच शब्द पुन्हा विचारते. दुसऱ्यांदा चुकले तर बरोबर उत्तर स्वतः एकेक अक्षर उच्चारून सांगते आणि पुढच्या शब्दाकडे वळते. ते चुकीला बरोबर म्हणत नाही आणि चुकणाऱ्याला सोडूनही देत नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आजींकडे गेलो, तेव्हा नातू आणि तो शेजारचा मुलगा ओटीवर बसून खेळत होते. नातवाचे एक अक्षर चुकले. खेळण्याने ते त्याला सांगितले आणि तो पुन्हा कळा दाबू लागला.